भिंतीवरचा उलटा चौक

वर्षाराणी बाई बीडहून तीन दिवसांचं प्रशिक्षण संपवून जांभळदऱ्याला आल्या, तेव्हा त्यांच्या पिशवीत एक बॅटरी, पुठ्ठ्याचे दोन ससे आणि एक पातळ पुस्तिका होती. साल सत्त्याण्णव. त्या वर्षी सगळीकडं आनंददायी शिक्षणाचं वारं सुटलं होतं. पोरांना शाळेत आनंद होत नाही, असा शोध वरच्या कुणाला तरी लागला होता. म्हणून जिल्ह्यातल्या मास्तरांना बोलावून आनंद कसा करायचा ते शिकवण्यात आलं. निवृत्तीला दोन वर्षं उरलेले, पित्ताचा त्रास असलेले मास्तर हॉलमध्ये बेडूकउड्या मारत होते आणि पुढं उभे असलेले साहेब ओरडत होते, "चेहऱ्यावर आनंद दिसू द्या! मागच्या रांगेत आनंद कमी पडतोय!"

वर्षाराणी बाई चोवीस वर्षांच्या. माहेर अंबाजोगाईचं, वडील मन्मथप्पांचं तिथं किराणा दुकान. तिथंच डी.एड. झालं आणि नेमणूक मिळाली ती बीडजवळच्या पाली गावाच्या पलीकडं, धरणाच्या अंगाच्या या गावात. बीडला खोली करून त्या राहायच्या आणि सकाळच्या गाडीनं गावात यायच्या. बेडूकउड्या त्यांनीही मारल्या होत्या. पण पुस्तिकेतला एक खेळ त्यांना खरंच आवडला होता : खोलीत अंधार करायचा, बॅटरी लावायची आणि पोरांनी हातांच्या सावल्यांनी भिंतीवर जनावरं करायची.

अंधाराची त्यांच्याकडं ददात नव्हती. शाळेत जागा पुरत नव्हती म्हणून पहिलीचा वर्ग चौकातल्या सोसायटीच्या जुन्या गोदामात भरायचा. गोदामात पूर्वी खताची पोती असत. खताला खिडकी लागत नाही म्हणून बांधणाऱ्यानं ती ठेवलीच नव्हती. चौकाकडं तोंड केलेलं एकच लाकडी दार, त्यातही जुनी कडी उपटून निघाल्यानं बोराच्या बीएवढं भोक. दारासमोरची आतली भिंत मात्र पांढरीशुभ्र होती. तिच्यावर साक्षरतेचं घोषवाक्य लिहायचं होतं. रंगारी चुना मारून गेला, अक्षरं टाकायला परत आलाच नाही.

मार्चमधली सकाळची शाळा होती. बाईंनी दार लावून घेतलं आणि बॅटरी पेटवली. सत्तावीस पोरांनी एकदम "हॅऽऽ" केलं.

पुस्तिकेत ससा, हरीण आणि बदक दिलं होतं. मेंढपाळाच्या शहादेवनं बोटं अशी काही वळवली की भिंतीवर चक्क बकरी उभी राहिली. कान हलवणारी, दाढीवाली. मग त्यानं करंगळी खाली सोडून तिला लेंड्याही टाकायला लावल्या. वर्ग गडाबडा लोळायला लागला.

"शहादेव, पुरे," बाई म्हणाल्या. पण त्यांनाही हसू आवरत नव्हतं.

"मी करते," म्हणत प्रियदर्शनी पुढं आली. ही गावच्या पुढाऱ्याची, विजयसिंह आबांची धाकटी. तिला आधी बीडच्या इंग्रजी शाळेत घातलं होतं. तिथं तिनं दोन महिन्यांत चौघांना चावे घेतले आणि ती गावात परत आली. 'आमची लेकसुद्धा सरकारी शाळेत शिकते' असं आबा तेव्हापासून भाषणात सांगायचे. चाव्यांचा उल्लेख भाषणात नसायचा.

प्रियदर्शनीनं फ्रॉकच्या आत दप्तर कोंबलं, छाती मागं, पोट पुढं काढलं आणि प्रकाशात आडवी उभी राहिली. भिंतीवर भलंमोठं पोट आलं.

"आबा!" सगळा वर्ग ओरडला.

तेवढ्यात बॅटरी पिवळी पडली, लाल झाली आणि विझली. सेल जुनेच होते. बाईंनी ती दोनदा तळहातावर आपटली. काही उपयोग झाला नाही. अंधारात कुणीतरी कुणाला तरी चिमटा काढला, कुणीतरी रडायला लागलं. बाई चाचपडत दाराकडं निघाल्या. डोळे हळूहळू अंधाराला सरावत होते.

"बाई, थांबा!" शहादेव ओरडला. "दार उघडू नगा. भितीवर बंकट हाय."

"कुठंय बंकट?"

"भितीवर. उलटा."

बाईंनी वळून पाहिलं आणि त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. पांढऱ्या भिंतीवर सबंध चौक उतरला होता. फिकट, जरा धुरकट, पण रंगांसकट. वर जमीन, खाली आभाळ. एसटीडी बूथची पिवळी पाटी उलटी, कडूबाईच्या हॉटेलचं पत्र्याचं छप्पर उलटं, आणि त्या छपराजवळ डोकं खाली, पाय वर करून आबांचा माणूस बंकट चहा पीत होता. कपातला चहा सांडत नव्हता, हे पोरांना सगळ्यात जास्त खटकलं.

"पिलाय त्यो," एकानं निकाल दिला.

"पिलेला मानूस आडवा व्हतो, उलटा न्हाई," प्रियदर्शनी म्हणाली. तिला या विषयाची माहिती असावी.

"भितच उलटी बांधलीय."

"भूत हाय!"

"भूत चहा पेतंय व्हय बे?" शहादेवनं विचारलं. तो उठून दाराशी गेला आणि भोकावर तळहात ठेवला. चौक गेला. हात काढला, चौक आला. पुन्हा ठेवला, पुन्हा काढला. "बाई, ह्या भोकातून येतंय सगळं," तो म्हणाला, आणि कुणी काही बोलायच्या आत दार किलकिलं करून बाहेर पळाला.

दार पुन्हा लागलं. थोड्या वेळानं भिंतीवर शहादेव दिसला, पाय वर, डोकं खाली. पोरं ओरडली, "उलटा! उलटा!" बाहेर त्याला ते ऐकू गेलं. त्यानं दोन्ही हात जमिनीला टेकवले आणि भर चौकात पाय आभाळात फेकले. भिंतीवर तो सरळ झाला. सगळा गाव उलटा आणि त्यात एकटा शहादेव सरळ, हातांवर चालत कडूबाईच्या हॉटेलाकडं निघालेला.

तो सबंध दिवस बाईंनी दुसरं काही शिकवलं नाही. शिकवता आलंही नसतं. गाडीत बसून बीडला जाताना त्यांना एकच गोष्ट टोचत होती. उलटं का दिसतं, हे त्यांना माहीत नव्हतं. डी.एड.ला प्रथम श्रेणी मिळाली होती, पण या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुख्याध्यापक उत्तरेश्वर गुरुजींना विचारलं.

"प्रकाश सरळ रेषेत जातो," गुरुजी तत्काळ म्हणाले. सव्वीस वर्षं ते हे वाक्य फळ्यावर लिहीत आले होते.

"ते खरं, गुरुजी. पण मग माणूस उलटा का होतो?"

"सरळ रेषेत जातो म्हणूनच."

"म्हणजे कसं?"

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "पुस्तकात एवढंच आहे, बाई."

बाई वर्गात येऊन बराच वेळ त्या भोकाकडं बघत बसल्या. सरळ रेषा. मग त्यांनी मुलींना सांगितलं, "सगळ्यांनी वेण्यांच्या रिबिनी सोडा." लाल रिबिनींना गाठी मारून एक लांब दोर झाला. दुसरा सुतळीचा. दोन्ही दोर भोकातून बाहेर काढले आणि दारापासून चार पावलांवर उत्तरेश्वर गुरुजींना उभं केलं. रिबीन त्यांच्या टोपीला पिनेनं टोचली, सुतळी त्यांच्या चपलेच्या अंगठ्याला बांधली. गुरुजींनी नकार दिला असता, पण बाईंनी 'आनंददायी शिक्षणाचा उपक्रम' असं म्हटलं आणि ते शब्द गुरुजींनी परिपत्रकात वाचले होते.

"गुर्जी, कुनी बांधून ठिवलं तुमाला?" कडूबाईनं भट्टीमागून विचारलं.

"उपक्रम आहे," गुरुजी मान न हलवता म्हणाले.

आत बाईंनी पोरांना दोर ताणायला सांगितलं. "वाकडं नको. एकदम ताठ. जिथं जाईल तिथं जाऊ द्या."

लाल रिबीन गुरुजींच्या टोपीवरून उतरत आली, भोकातून शिरली आणि तशीच उतरत जाऊन भिंतीच्या पायथ्याशी टेकली. सुतळी चपलेपासून चढत आली, त्याच भोकातून गेली आणि वर, पोरांच्या हाताबाहेर निघाली. तिचं टोक धरायला बाईंना स्टुलावर चढावं लागलं.

प्रियदर्शनी हळूच म्हणाली, "डोस्कं खाली गेलं. पाय वर गेले. भोकात क्रॉस झालं."

"दुसरीकडून जायला जागाच न्हाई ना," शहादेव म्हणाला.

स्टुलावर उभ्या असलेल्या वर्षाराणी बाईंच्या हातात सुतळीचं टोक होतं आणि अंगावर काटा आला होता. प्रकाश सरळ रेषेत जातो हे वाक्य त्यांनी चौथीत पाठ केलं, दहावीत लिहिलं, डी.एड.ला शिकवून दाखवलं. ते आज कळलं. आणि ते सहा वर्षांच्या पोरांच्या बरोबरीनं कळलं, याची त्यांना लाज वाटली नाही, उलट ओरडावंसं वाटलं. बाहेर गुरुजी ओरडत होते, "झालं का? ऊन लागतंय!"

त्यानंतर शाळेतली हजेरी अशी वाढली की तापानं फणफणलेली पोरंही यायला लागली. गावात आबांच्या वाड्यावर छत्री अँटेना आली होती, पण तिथं पोरांना उंबऱ्याबाहेर बसावं लागे. इथं पहिल्या रांगेत बसता येत होतं आणि चित्रात सगळी आपलीच माणसं. पोरांनी दारात खिळ्यानं दुसरं भोक पाडलं तेव्हा दोन बंकट दिसले. एकच बंकट फार होतो असं ठरून ते भोक पुन्हा चिखलानं बुजवण्यात आलं.

सगळ्यात रंगायचा तो नऊचा खेळ. नऊ वाजता आबांची पांढरी सुमो चौकात यायची. साखर कारखान्याच्या संचालकाची निवडणूक तोंडावर होती, म्हणून आबा रोज कडूबाईच्या हॉटेलासमोर खुर्ची टाकून लोकांचे रामराम घ्यायचे. त्यांच्या मागं बंकट असायचा. आबांचा विनोद संपायच्या आत हसायचं, हे त्याचं काम. सुमोतून आबा उतरायचे ते आधी पाय, मग पोट, मग आबा असे. भिंतीवर हे सगळं उलटं व्हायचं. आबा पाय वर टाकून आभाळाकडून जमिनीकडं चढायचे, लोक वाकून नमस्कार करायला गेले की वर उचलले जायचे, आणि धोतराचा सोगा मात्र खाली न पडता वर लोंबत राहायचा. सत्तावीस पोरं एका दमात हसायची. बंद दारातून तो आवाज थेट आबांच्या खुर्चीपर्यंत जायचा.

पहिले दोन दिवस आबांनी दुर्लक्ष केलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी बंकटला विचारलं, "पोरं कावून हसतेत बे?"

"लहान हायती, आबा."

"मी गाडीतनं उतरलो की हसतेत. काल मी मुद्दाम परत बसलो अन् परत उतरलो. दोनदा हसले."

"इरोधकांचं काम असंल," बंकट म्हणाला.

"पहिलीत कोन इरोधक हाय?"

उत्तरेश्वर गुरुजींना बोलावणं गेलं. गुरुजी आले, हात जोडून उभे राहिले.

"गुर्जी, काय चाललंय आत?"

"आनंददायी शिक्षण, आबा."

"मी आल्यावरच आनंद व्हतो व्हय पोरायला?"

गुरुजींनी घाबरून सगळं सांगितलं. भोक, भिंत, सरळ रेषा. आबांना त्यातलं एकच समजलं : भिंतीवर आपण उलटे दिसतो. "बुजवा ते भोक," ते म्हणाले. "निवडनुकीच्या तोंडावर मानूस उलटा दिसू न्हाई."

गुरुजी पत्र्याचा तुकडा, खिळे आणि हातोडी घेऊन वर्गात आले. बाई म्हणाल्या, "गुरुजी, हे काय?" गुरुजी म्हणाले, "बाई, मला निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत." त्यांनी पत्रा भोकावर धरला. हातोडी उचलली. आणि पत्रा धरलेल्या हाताच्या करंगळीला प्रियदर्शनीनं कडकडून चावा घेतला.

गुरुजींची किंकाळी पार धरणापर्यंत गेली असेल. खिळे पसरले, हातोडी त्यांच्याच पायावर पडली. पोरांनी जमिनीवरचे खिळे गोळा करून खिशात घातले, म्हणजे परत ठोकायला नकोत.

दुसऱ्या दिवशी आबा शाळेत आले ते पुढारी म्हणून नाही, बाप म्हणून. करंगळीला पांढरी पट्टी बांधलेले गुरुजी दारात उभे होते. आबांच्या एका शब्दावर मास्तरांच्या बदल्या होतात, हे बाईंना कुणी सांगायची गरज नव्हती.

"बाई, काय शिकवता तुमी?" आबांनी विचारलं. "पोरगी गुर्जीला चावती, तवर तुमी काय करत व्हता?"

"चुकलंच तिचं, आबा. मी तिला माफी मागायला लावली." "पण ज्याच्यासाठी चावली, ते तुम्ही एकदा बघा. पाच मिनिटं आत बसा. मग तुम्हीच सांगा, बुजवायचं का ते."

आबांनी इकडंतिकडं पाहिलं. मग बंकटला म्हणाले, "बाहीर थांब. कुनाला आत सोडू नको." ते आत आले आणि पोरांच्या बसकरपट्टीवर मांडी घालून बसले. त्यांना तीन पोरांची जागा लागली. दार लागलं.

"मला तर काईच दिसंना."

"जरा दम धरा, आबा," प्रियदर्शनी म्हणाली. "समद्यायला आधी काईच दिसत न्हाई."

हळूहळू चौक भिंतीवर आला. आबांनी "आयला" म्हटलं आणि लगेच बाईंकडं पाहून घसा खाकरला. समोर कडूबाईचं हॉटेल होतं, पाट्या होत्या, आणि मधोमध उलटा बंकट. तो राखण करत होता. एक मिनिट त्यानं राखण केली. मग हॉटेलापुढं बसलेल्या चौघांकडं पाहून त्यानं पोट पुढं काढलं. खांदे मागं टाकले. उजवा हात कोपरातून वळवून हळूच वर नेला, आबा नेतात तसा. मग चार पावलं चालला. पाय फाकवून, प्रत्येक पावलाला मान हलवत. दुसऱ्याच्या टॉवेलाला नाक पुसलं. खुर्चीत बसताना आधी खुर्ची हलवून बघितली. बसलेले चौघे तोंड दाबून, पोट धरून हसत होते. भट्टीमागं कडूबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हलत होती. आवाज काही येत नव्हता. नुसतं दिसत होतं.

वर्गात कुणी हसलं नाही. पहिल्यांदाच.

"आबा," प्रियदर्शनी म्हणाली, "ते तुमीच हाव ना?"

वर्षाराणी बाईंनी डोळे मिटून घेतले.

"हां," आबांचा आवाज आला. "मीच हाय." आणि मग, "चाल बराबर धरली हरामखोरानं."

शहादेव फुसकन् हसला. त्याच्यामागून सगळे. अंधारात एक जाडसर, दबका आवाज त्यात मिसळला. आबा हसत होते. पण हसून झाल्यावरही ते उठले नाहीत. बंकटचा खेळ संपला, चौघं पांगले, एक म्हातारा काठी टेकत आला. त्याला कडूबाईनं हाताला धरून बसवलं. दोन बायका घागरी खाली ठेवून काहीतरी बोलत होत्या आणि एकमेकींच्या हातावर टाळ्या देत होत्या. कुणी उठून उभं राहत नव्हतं, कुणी हात जोडत नव्हतं.

"मी नसलो का हे असं असतंय व्हय?" आबा म्हणाले.

दार उघडून ते बाहेर आले तेव्हा बंकट ताठ उभा होता. आबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "कोपर जरा बाहीर काढीत जा," ते म्हणाले. "मी नमस्कार करताना कोपर बाहीर काढतो."

बंकटच्या तोंडाचा रंग उतरला. दुपारपर्यंत त्या भोकातून काय काय दिसतं हे सबंध जांभळदऱ्याला माहीत झालं.

आबांनी बंकटला काढलं नाही, भोकही बुजवलं नाही. झालं ते वेगळंच. आबा रोज यायला लागले. नऊ वाजता सुमोतून उतरायचे, सरळ गोदामात शिरायचे आणि दार लावून बसायचे. पोरांना पहिले दोन दिवस मजा वाटली. आबा खिशातून लिमलेटच्या गोळ्या काढायचे. पण बाहेरचा गाव शहाणा झाला होता. दार लागलं की चौकात सगळे सावध व्हायचे. बायका पदर सावरून गप्प निघून जायच्या. हॉटेलातले लोक पाठ ताठ करून बसायचे, फोटो काढायला बसल्यासारखे. येणारा-जाणारा दारासमोर थांबून भोकाला वाकून रामराम करायचा. बंकट तर दाराकडं तोंड करून हात जोडून पाऊण तास उभा राहायचा. भिंतीवर एक उलटा गाव एका भोकाला नमस्कार करत उभा असायचा, आणि बाकी काही घडत नसे.

चौथ्या दिवशी शहादेवनं जांभई दिली. "बाई, आपुन पाढे म्हनू," तो म्हणाला. हे ऐकून वर्षाराणी बाईंना काय ते कळलं. शहादेवला पाढे म्हणावेसे वाटणं म्हणजे फार झालं होतं.

त्या रात्री त्यांना झोप लागली नाही असं नाही, पण लागायला उशीर झाला. सकाळी आबा आले तेव्हा त्या दारातच उभ्या राहिल्या.

"आबा, एक बोलायचं होतं. तुम्ही आता आत बसू नका."

आबांच्या भुवया वर गेल्या. मागं गुरुजींनी भिंतीचा आधार घेतला.

"तुम्ही आत असलात की बाहेर कुणीच नीट वागत नाही," बाई म्हणाल्या. "सगळे नुसते उभे राहतात. पोरांना बघायला काही उरत नाही. माझा वर्ग बंद पडलाय, आबा."

"माज्याच गावात मला बघायची बंदी?"

"आबा, तुमी बाहीरच बरे दिसता," प्रियदर्शनी बाईंच्या मागून म्हणाली. "तुमी उलटे उतरता तवाच खरी मजा येती. आत आलाव का नुसते गोळ्या वाटता."

आबा लेकीकडं बघत राहिले. रागवावं की नाही, ते त्यांचं ठरत नव्हतं. मग म्हणाले, "मंग मी बघू कुठून? मला बी बघायचं असतंय की."

त्यावर उपाय पोरांनी काढला. त्यासाठी दोन दिवस लागले. बुटाचं एक रिकामं खोकं आलं. त्याच्या एका बाजूला बाभळीच्या काट्यानं भोक पाडलं, दुसरी बाजू कापून तिथं तेल लावलेला कागद चिकटवला. तेल जास्त झालं, कागदाला शेंगदाण्याचा वास मारत होता. डोक्यावरून चादर घेऊन त्या कागदाकडं पाहिलं की समोरचं जग तळहाताएवढं, उलटं आणि रंगीत दिसायचं. शहादेवनं वापरायची रीत समजावून सांगितली आणि ते खोकं आबांच्या हातात दिलं.

"हलवायचं न्हाई. अन् कुनाला सांगायचं न्हाई, का तुमी बघायलाव."

आबांनी ते दोन्ही हातांनी घेतलं. निवडणुकीचे दौरे सुरू झाले तेव्हा सुमोच्या मागच्या सीटवर, काचा वर करून, डोक्यावरून शाल घेतलेला एक माणूस मांडीवर खोकं ठेवून बसलेला लोकांना दिसायचा. लिंबागणेश गावात लोकांनी बंकटला विचारलं, आबांनी काही अनुष्ठान धरलंय का. बंकट म्हणाला, "हां, कडक हाय. तोंड दाखवत न्हाईत."

जांभळदऱ्याच्या चौकात आठ दिवसांत सगळं पूर्ववत झालं. बायका टाळ्या द्यायला लागल्या, माणसं नाक पुसायला लागली. एका सकाळी कडूबाई पदराला हात पुसत दारात आली. "ओ बाई, समदा गाव बघून गेला. मी मेली रोज समोर बसून ऱ्हायलेय, मला कुनी बोलावलं न्हाई. माजं हाटेल कसं दिसतं ते तरी बघू द्या."

तिला पहिल्या रांगेत बसवलं. दार लावलं. तिचे डोळे सरावायला वेळ लागला. मग ती पुढं सरकली. "अगं बया! माजं छप्पर! ती माजी भट्टी!" तिनं गालावर बोटं ठेवली. "किती चिमुकलं हाय गं माजं हाटेल. अन् रंग बी आलाय की!" पोरं तिच्याकडं कौतुकानं बघत होती, स्वतः काढलेलं चित्र दाखवल्यासारखी.

तेवढ्यात भिंतीवर एक टोपी आली. टोपीवर चष्मा, चष्म्यावर उत्तरेश्वर गुरुजी. ते हॉटेलापाशी थांबले, डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. भट्टीजवळ कुणी नव्हतं. गुरुजींनी परातीतली दोन भजी उचलली, एक तोंडात कोंबलं आणि एक खिशात घातलं. मग थोडा विचार करून आणखी दोन घेतली.

"कोन हाय गं त्यो?" कडूबाईनं डोळे बारीक केले.

"गुर्जी!" सत्तावीस पोरं एकदम म्हणाली.

"उपक्रम चालू हाय त्येंचा," शहादेव म्हणाला.

कडूबाई उठली ती चप्पल हातात घेऊनच. तिनं दार धाडकन् उघडलं, भिंतीवरचा चौक उन्हात पुसून गेला, आणि खरा चौक समोर आला. त्यात तोंड भरलेले गुरुजी होते. पळावं की गिळावं, हे त्यांचं ठरत नव्हतं. पोरं कडूबाईच्या मागं आरोळ्या ठोकत बाहेर धावली. वर्षाराणी बाई क्षणभर उंबऱ्यात उभ्या राहिल्या, आणि मग त्याही पळाल्या.